अभ्यासिकेतले जुने पाच लॅपटॉप: दीड वर्षाच्या वापरानंतर

जून २०२४ मध्ये आमच्या गावच्या अभ्यासिकेसाठी आम्ही नागपूरहून पाच रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेले, लॅपटॉप आणले. गाव घाटंजी तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. पैसे लोकवर्गणीचे होते. आता आजूबाजूच्या गावांतले लोक विचारतात, "घ्यावे का भाऊ, टिकतात का?" म्हणून दीड वर्षात जे पाहिलं ते लिहितो.

सगळे ऑफिसातून निघालेले, १४ इंची, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), २५६ जीबी एसएसडी (फायली साठवायची जागा). एकाला १४,५०० रुपये पडले, वॉरंटी सहा महिने. त्याच्या आसपासच्या किमतीत दुकानदार जो नवा दाखवत होता त्यात ४ जीबी रॅम होती आणि तीही बोर्डावरच पक्की, पुढे वाढवायची सोय नाही. ऑफिसवाले लॅपटॉप जड असतात, दिसायलाही साधे. पण खालचे स्क्रू काढले की झाकण निघतं, आणि रॅम, एसएसडी, पंखा, बॅटरी सगळं सुटं करता येतं. घेताना आम्ही फक्त किंमत पाहिली होती. या स्क्रूंची किंमत नंतर कळली.

वेगाबद्दल तक्रार नाही. सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं पीडीएफ आणि लेक्चर पाहतात, दुपारी मुली मराठी टायपिंगचा सराव करतात, संध्याकाळी कोणी महाडीबीटीचा फॉर्म भरायला येतं तर कोणी सातबारा पाहायला. एवढ्या कामाला हे यंत्र पुरून उरतं.

पहिला त्रास झाला चार्जरचा. सोबत आलेले चार्जर डुप्लिकेट होते, तासाभरात हात लावू देत नव्हते इतके तापायचे. शिवाय लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या यायच्या. मुली टायपिंगला बसायला घाबरू लागल्या. दोष लॅपटॉपचा नव्हता, आमच्या खोलीला अर्थिंगच नव्हतं. मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरून अर्थिंग घेतलं, चार्जर चांगले आणले आणि झिणझिण्या थांबल्या. गावात लॅपटॉप नेणाऱ्यांनी आधी प्लगची तिसरी पिन कुठे जाते ते पाहावं.

चौथ्या महिन्यात एका लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांवर आली. विक्रेत्याला फोन केला. घेताना तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हणणारा माणूस आता म्हणाला, बिल वाचा. बिलावर बारीक अक्षरात "बॅटरी व चार्जर वगळून" होतं. मला याचा राग अजून आहे, कारण वर्गणीत मजुरी करणाऱ्या बायांचे पन्नास-पन्नास रुपये होते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही दिसतात. दुकानातच तो काढायला लावा. निम्म्यावर आलेली असेल तर घेऊ नका, किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या.

मग जानेवारीत दोन लॅपटॉप मध्येच बंद पडू लागले. पंखा घरघर करायचा, बूड तापायचं, स्क्रीन काळी. नागपूरला पाठवायचे म्हणजे आठ-पंधरा दिवस गेले. म्हणून घाटंजीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या पोराकडे नेले. त्याने माझ्यासमोरच झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांपलीकडे जिथून गरम हवा बाहेर पडते, त्या तांब्याच्या बारीक जाळीवर करड्या रंगाचा थर होता, नमद्यासारखा दाट. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली. "भाऊ, हे पहा न, यात तर गादी भरली हाये," तो म्हणाला. कापूसच होता. अभ्यासिकेला लागून असलेल्या घरात भाव वाढायची वाट पाहत दिवाळीपासून कापूस भरून ठेवला होता, आणि त्याची तुसं खिडकीतून येत होती. बंद पडणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर वाहून न्यायला मदत करणारा लेप, खडूसारखा कोरडा झाला होता. तो खरवडून नवा लावला, ब्रशने जाळी साफ केली, दोन्ही मिळून ६०० रुपये घेतले. तेव्हापासून त्या खिडकीला बारीक जाळी आहे आणि दर तीन महिन्यांनी झाकण उघडणं ठरलेलं आहे. आता आमच्याकडची दोन पोरं हे काम स्वतः करतात. त्या दुकानदाराने त्यांना रविवारी बसवून शिकवलं, पैसे घेतले नाहीत.

मे महिना वेगळा सांगायला हवा. पारा ४५ च्या आसपास, दुपारी गावठाणची लाईन गेलेली, कूलर बंद. एका लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला, क्लिक होईना. बॅटरी फुगली होती. असं झालं की चार्जर लगेच काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. लिथियमची बॅटरी पेटली की आवरत नाही. दुकानातल्या पोराने ती काढून दिली आणि आम्ही वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवली.

भंगारवाला ती किलोवर घ्यायला तयार होता. पोराने अडवलं: "त्याले नका देऊ भाऊ. थो वायरी जाळते, बोर्ड जाळते, अन् धूर आपल्याच लेकराईच्या नाकात जाते." तो खरं बोलतो. तांब्यासाठी वायर जाळताना निघणारा धूर आणि बोर्डातलं शिसं शेवटी गावकुसाच्या माती-पाण्यातच मुरतं. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची. आपल्याकडे बॅटरीच्या कचऱ्याचे नियम २०२२ चे आहेत, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण आमच्या गावात जो काटा घेऊन येतो तो भंगारवालाच. तो पोरगा मेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या वेगळ्या साठवतो आणि नागपूरच्या, ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत गाडीला देतो. आमची बॅटरी त्यातच गेली, तीही चार महिन्यांनी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचे पाचही बाद. धडधाकट यंत्रं, पण कागदावर भंगार. हे मला पटत नाही. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणातलं बरंचसं तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, तो जितकी वर्षं जास्त चालेल तितकं बरं. चार लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय झाली. मराठी टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तोच आहे, ब्राउझर तोच आहे. टायपिंगच्या सरावाचं आमचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालतं, म्हणून पाचवा विंडोज १० वर ठेवला आणि त्याचं इंटरनेट तोडलं.

दिवाळीत पुण्याला नोकरी करणाऱ्या गावच्या मुलाने स्वतःचा पाण्याने गेलेला लॅपटॉप आणून दिला. बोर्ड मेलेला, पण रॅम आणि एसएसडी शाबूत. ती रॅम आमच्यातल्या एकात बसली, तो आता १६ जीबीचा आहे. एसएसडी सुटी ठेवली आहे.

आजचा हिशोब: पाचही चालू. दोन बॅटऱ्या, पाच चार्जर आणि साफसफाई मिळून दीड वर्षात साडेनऊ हजार लागले, त्यातले निम्म्याहून जास्त घाटंजीतच राहिले. पुढच्या जूनला पुन्हा पाच घ्यायचं ग्रामसभेत निघालं तेव्हा मी चारच घ्या म्हणालो, आठव्या पिढीचे. पाचव्याच्या पैशातून दोन बॅटऱ्या, दोन पंखे आणि थर्मल पेस्टची ट्यूब आधी आणून कपाटात ठेवायची आहे.