बडोद्याच्या दांडिया बाजारचा वाचनकट्टा: पुस्तक अर्धं राहिलं तरी या

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. वर्षाला दोनशे रुपये, तेही चहा आणि झेरॉक्सपुरते. बारा-पंधरा जण जमतात. जिना उभा आणि अरुंद आहे, माझ्यासारखे गुडघे असतील तर कठडा सोडू नका. गाडी आणायचीच असेल तर दुचाकी आणा.

मी सुनेला घेऊन जाते. ती अमदावादची, गुजराती. मराठी बोलते छान, पण दीडशे पानं मराठी वाचायची म्हटलं की तिला झोप येते. कट्टा चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "गुजराती अनुवाद मिळतोय ना? मग तोच वाच. बोल मात्र मराठीत." म्हणून ती टिकली. एका कथेतल्या नायिकेच्या सोशिकपणाचं आम्ही सगळ्या बायका कौतुक करत होतो, तेव्हा ही पटकन म्हणाली, "पण मम्मी, तिला कोणी विचारलं कुठे?" त्यावर जो वाद पेटला, त्यात दोनदा चहा झाला.

काकांचे नियम दोनच. प्रत्येकाने आवडलेला किंवा डोक्यात गेलेला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि तोच का, ते सांगायचं. आणि सगळ्यांचं एकेकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. पूर्वी मी ज्या मंडळात जायचे तिथे एक गृहस्थ तासभर बोलत आणि आम्ही माना डोलवत घरी येत असू. इथे पुस्तक न संपवता आलेला माणूसही एक परिच्छेद वाचू शकतो, त्यामुळे ओशाळं होऊन घरी बसत नाही. इंग्रजी माध्यमातली दोन कॉलेजची मुलं अशीच अडखळत वाचायला लागली. त्यांचे उच्चार कोणी मध्येच सुधारत नाही, हे मला फार आवडतं.

पुस्तक दोन महिने आधी ठरतं, दोनशे पानांच्या आतलं. बडोद्यात मराठी पुस्तक हवं तेव्हा हाताशी येत नाही. पुण्याहून मागवा, नाहीतर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत शोधा. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. काकांनी तीच युक्ती उचललीय: पत्र्याच्या पेटीत चार-पाच प्रती, घरोघर फिरणाऱ्या. वाचून झालं की पुढच्याला फोन करायचा. पेटी कुठे अडकली ते व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना कळतं, त्यामुळे कोणी फार दिवस दाबून ठेवत नाही. त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगला बंदी आहे. एवढ्यासाठी एक तारा जास्त.

तक्रार एकच, पण मोठी. निवड 1980 च्या पुढे सरकत नाही. आज तिशीत असलेल्यांचं लेखन सुचवलं की काका "बघू" म्हणतात, आणि त्यांचं "बघू" म्हणजे नाहीच.

दिवाळीनंतरची बैठक मात्र चुकवू नका. प्रत्येकाने एक दिवाळी अंक आणायचा आणि अदलाबदल करून न्यायचा. पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'चा, 1909 सालचा, आणि त्याच वर्षी बडोद्यात साहित्य संमेलन भरलं होतं, हे काका दरवर्षी नव्याने सांगतात. भाकरवडी तोंडात असते म्हणून कोणी अडवत नाही.

पाचपैकी चार तारे. पुढच्या खेपेला नाटक आहे, भूमिका वाटून वाचायचंय. सासूचं काम सुनेने आधीच मागून घेतलंय.