तीन सूर्य, दोन मालिका: आठ भागांची बघावी की तीस?

भाचा लातूरहून नीटची परीक्षा देऊन मानवतला आला तो एक प्रश्न घेऊनच. "मामा, त्या तीन सूर्यांच्या ग्रहाच्या दोन-दोन सिरीज निघाल्यात म्हणं. मी एकच बघणाराय. कोणची बघू तेवढं सांगा." माझ्या दोन्ही बघून झाल्यात. त्याला गच्चीवर बसून जे सांगितलं तेच इथं जरा सावकाश लिहितो. शेवट फोडत नाही.

मूळ एकच, चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही कादंबरी. 2008 ला पुस्तकरूपात आली, 2015 ला तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्यावर चीनच्या टेन्सेंटने जानेवारी 2023 मध्ये 30 भाग काढले आणि नेटफ्लिक्सने मार्च 2024 मध्ये 8. वेळेचा हिशेब इथंच कळतो: एकीकडं दोन-तीन रात्री, दुसरीकडं बावीस-तेवीस तास. रोजच्या दीड जीबीवर बघणाऱ्याला हा फरक लहान नाही.

गोष्ट अशी, की ये वनच्ये नावाची एक चिनी शास्त्रज्ञ आकाशाकडं निरोप पाठवते आणि चारेक प्रकाशवर्षांवरच्या तीन सूर्यांच्या ग्रहावरून उत्तर येतं. तिथले लोक इकडं यायला निघतात. पोचायला त्यांना चारशे वर्षं लागणार. म्हणजे शत्रू ठरला, तारीखही जवळपास ठरली, पण तो बघायला आपल्यापैकी कुणी नसणार. हिरव्या कातडीचे, मोठ्या डोळ्यांचे प्राणी बघायची हौस असेल तर दोन्हींचा नाद सोडा. दोन्हींत त्यांचं खरं रूप तुमच्यासमोर येत नाही.

आता मुद्दा. ये वनच्येनं त्यांना बोलावलं का, या एका प्रश्नावर सगळी गोष्ट उभी आहे. नेटफ्लिक्सची सुरुवातच माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतल्या जाहीर सभेनं होते. पोरीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक बापाला मंचावर मारून टाकतात. ती दहा मिनिटं बघितल्यावर या बाईचा माणसांवरचा विश्वास का उडाला हे कुणाला समजवावं लागत नाही. चिनी मालिकेत हाच प्रसंग बोथट केलाय. कारण उघड आहे, तिथं तो काळ मोकळेपणानं दाखवता येत नाही. पण त्यामुळं जखम दिसत नाही, नुसता व्रण दिसतो. तीस भागांच्या मालिकेची माझ्या मते सगळ्यात मोठी खोट हीच.

बाकी कोड्याच्या बाबतीत मात्र पारडं उलटं फिरतं. नेटफ्लिक्सच्या पहिल्याच भागात आकाशातले सगळे तारे एकदम विझतात-पेटतात, सगळ्या जगाला दिसतील असे. आमच्यासारख्यांना, उन्हाळ्यात माळवदावर झोपून चांदण्या मोजलेल्यांना, अंगावर काटा येतो यात शंका नाही. चिनी मालिकेत ताऱ्यांना काहीच होत नाही. विझतं-पेटतं ते विश्वात सगळीकडं भरून राहिलेलं मंद प्रारण, आणि ते बघायला खास चष्मा लावावा लागतो. म्हणजे जग सुखानं झोपलंय आणि हादरलाय एकटा वांग म्याव, म्हणजे त्या मालिकेचा नायक शास्त्रज्ञ. मला ही दुसरी भीती जास्त खरी वाटली.

तसंच त्या खेळाचं. गोष्टीत एक संगणकी खेळ आहे. त्यात परग्रहवाल्यांचं तीन सूर्यांखालचं जग भेटतं: कधी बरे दिवस, कधी होरपळ, आणि कुठलं कधी येईल याचा नेम नाही. होरपळ आली की तिथली माणसं अंगातलं पाणी काढून टाकतात, वाळलेल्या कातड्यासारखी गुंडाळी होऊन पडतात आणि बरे दिवस आले की भिजवून उठवली जातात. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा भाचा दुसरी-तिसरीत असेल. हे ऐकून तो म्हणाला, "आपल्याला एकाच सूर्यात ही सोय पाहिजे होती." त्याच खेळात तीन कोटी सैनिक झेंडे वरखाली करून संगणक बनतात. नेटफ्लिक्सवर हे भव्य दिसतं आणि झटक्यात संपतं. चिनी मालिका प्रत्येक झेंड्याचा अर्थ समजावत बसते. चित्रं जुन्या व्हिडिओगेमसारखी आहेत, पण डोकं जागं राहतं.

चिनी मालिकेचे दोष लपवत नाही. तेच ते प्रसंग पुन्हा दाखवतात, एका पत्रकार बाईचं उपकथानक मध्ये घुसडलंय, परदेशी पात्रांचा अभिनय लाकडी आहे. दहाव्या भागापर्यंत दम धरावा लागतो आणि सबटायटल्स वाचत बसायची तयारी ठेवावी लागते.

नेटफ्लिक्सनं एका वांग म्यावचे तुकडे करून ऑक्सफर्डचे पाच दोस्त केले आणि गोष्ट लंडनला नेली. पाचव्या भागातला पनामा कालव्याचा प्रसंग जबरदस्त आहे, लहान लेकरांसमोर लावू नका एवढंच. त्यानंतर पुढच्या पुस्तकांतलं सामान आधीच ओढून आणलंय, त्यामुळं मालिका रेंगाळते आणि अर्ध्यावर थांबते. पुढचे भाग काढणार असं मे 2024 मध्येच जाहीर झालंय, पण तोवर तुम्ही लटकलेले.

मी भाच्याला सांगितलं: नेटफ्लिक्सचा पहिला भाग बघ, ती सभा मनात ठेव आणि मग सरळ तीस भागांकडं वळ. फिजिक्स आवडणाऱ्याला हाच सल्ला. ज्याला घरच्यांसोबत दोन रात्रींत काहीतरी थरारक बघायचंय त्यानं आठ भागांवर थांबावं, फसल्यासारखं वाटणार नाही.

त्यानं ऐकलं. मधे एकदा विचारलं, "परग्रहवाले जगभरातले प्रयोग बिघडवतात, मग औंढ्याजवळ लायगो, ती गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, होतंय त्याचं काय?" मी म्हटलं, आधी ते बांधून तर होऊ दे.

चिनी मालिकेतला दा शी हा पोलीस मला विसरता येत नाही. परग्रहवाले माणसांना 'तुम्ही किडे आहात' असं कळवतात, शास्त्रज्ञ खचतात, तेव्हा तो त्यांना शेतावर टोळ दाखवायला घेऊन जातो. नेटफ्लिक्सवरही असा प्रसंग आहे, पण शेतकऱ्याच्या तोंडची भाषा चिनी मालिकेतच आहे. हे भाच्याला सांगत होतो तेव्हा दाजी मागं खाटेवर पडले होते. मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "यानं 2017 ची बोंडअळी बघितली होती का?"