ल्योन की स्ट्रासबूर?

भाचीला पॅरिसहून दोनच दिवस काढता येतायत, पायी भटकायचंय. कुठे जाऊ, विचारते.

प्रवासाचं सोडा, रेल्वेने दोन्हीकडे दोनेक तास. फरक पडतो तो पायांना. स्ट्रासबूर सपाट, ईल नदीने वेढलेलं जुनं शहर अर्ध्या दिवसात फिरून होतं. वाट चुकलीच तर 142 मीटर उंच कॅथेड्रल आहेच.

ल्योन मात्र दम काढतं. क्रवा-रूस टेकडीच्या चढावर पायऱ्याच पायऱ्या. पण एखादं साधंसं दार ढकलावं, अंधारा बोळ, अंगण, जिना, आणि बाहेर पडावं ते भलत्याच गल्लीत! हे ‘त्राबूल’, रेशीम विणकर यांतूनच माल नेत. (आत लोक राहतात, आवाज हळू. सगळी दारं उघडतही नाहीत.)

सोबत आई आणि तिचे गुडघे असतील, तर स्ट्रासबूर. एकटीच असेल आणि हरवायची हौस असेल, तर ल्योन.