"कुठल्याही कॅमेऱ्याला बसते" म्हणणाऱ्याकडून लेन्स घेऊ नका, माझे २४,७०० गेलेत

लेन्सचे १८,५०० आणि ती दुसऱ्या ब्रँडच्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीचे, म्हणजे अ‍ॅडाप्टरचे, ६,२००. एकूण २४,७००, आणि त्यातला एक पैसा अजून परत आलेला नाही.

माझी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉनची, आत आरसा असलेली डीएसएलआर, एफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स जिथे अडकते ती जागा). खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर जाहिरात होती कॅननच्या ईएफ माउंटच्या ८५ एमएम १.८ लेन्सची, सेकंडहँड, "सोबत निकॉन अ‍ॅडाप्टर, ऑटोफोकससकट शंभर टक्के कॉम्पॅटिबल". मी बॉडीचं मॉडेल सांगून चॅटवर सरळ विचारलं होतं की हिच्यावर चालेल ना. "बिनधास्त घ्या, माझे कितीतरी कस्टमर वापरतायत" असं लेखी उत्तर आलं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. त्यामुळे आधी चौकशी करायची ना, हे मला कोणी सांगू नका, केली होती.

लेन्स अस्सल निघाली, आणि म्हणूनच सगळे हात वर करून मोकळे झालेत. अ‍ॅडाप्टर खटकन बसला, लेन्स बसली, आणि साधारण मीटरभराच्या पलीकडचं काहीही फोकस होईना. फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला, नेली तरी समोरची खिडकीसुद्धा धूसर. ऑटोफोकस नाहीच. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) १.८ वर, म्हणजे पूर्ण उघडं, अडकलेलं, कारण ईएफ लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंगच नसते, १९८७ पासून त्या माउंटचं सगळं काम इलेक्ट्रॉनिक आहे, बॉडीने सिग्नल दिला तरच आतली पाती हलतात आणि निकॉनची बॉडी तो सिग्नल देत नाही.

हे कधीच चालणार नव्हतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, म्हणजे फ्लँज डिस्टन्स, कॅनन ईएफचं ४४ एमएम आहे आणि निकॉन एफचं ४६.५. म्हणजे ही लेन्स माझ्या बॉडीवर आधीच २.५ एमएम पुढे जाऊन बसते, वर अ‍ॅडाप्टरची जाडी वेगळी. जाडी शून्य धरली तरी ८५ एमएमची लेन्स सुमारे ३ मीटरच्या पलीकडे फोकस करू शकत नाही, गणित करून बघा. जाडी धरली की मीटरभरावर येते. थोडक्यात एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे अगदी जवळचे फोटो काढायला लेन्समागे लावतात ती पोकळ नळी, लावल्यासारखं होतं. मधे काच असलेले अ‍ॅडाप्टर मिळतात, त्यात इन्फिनिटी येते पण फोटो मऊ, म्हणजे कमी रेखीव, पडतो, आणि मला पाठवला त्यात तर काचही नव्हती. ६,२०० कशाचे घेतले मग?

आता ज्या गोष्टीने मला अजून झोप लागत नाही ती सांगतो. त्याने पाठवलेले सॅम्पल फोटो. एक फूल, एक अंगठी, मांजराचा डोळा, कुणाच्यातरी पापण्या. सगळे जवळचे. एकही डोंगर नाही, इमारत नाही, पूर्ण उभा माणूस नाही. आणि सगळ्यांची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळलेली, म्हणजे सगळे १.८ वरच काढलेले. सगळं समोर होतं. पण पोर्ट्रेट लेन्सचे सॅम्पल जवळचेच असणार असं कोणालाही वाटेल, मलाही वाटलं, आणि त्याने नेमकं तेच हेरून ते फोटो निवडले होते. सोबत एक व्हिडिओ पाठवला, त्यात अशीच लेन्स सोनीच्या बॉडीवर झकास ऑटोफोकस करत होती. सोनी ई माउंटचं हेच अंतर १८ एमएम, ती बॉडी मिररलेस म्हणजे आरसा नसलेली, तिथे अ‍ॅडाप्टरला २६ एमएम जागा मिळते. माझ्या डीएसएलआरशी त्याचा काय संबंध!

साधा नियम लक्षात ठेवा, लेन्सचा फ्लँजचा आकडा बॉडीच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. निकॉन एफची लेन्स कॅननच्या ईएफ बॉडीवर बसते आणि इन्फिनिटीही येते, उलटं होत नाही. नुसती "सिग्माची लेन्स", "टॅमरॉनची लेन्स" असं लिहिलं असेल तर कुठल्या माउंटची ते विचारा, एकच लेन्स वेगवेगळ्या माउंटमध्ये येते.

मी तक्रार केल्यावर विकणारा म्हणतो, कॅननच्या बॉडीवर अ‍ॅपर्चर सेट करा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (ते दाबलं की पाती ठरवलेल्या मापाला मिटतात) दाबून धरा आणि तशीच लेन्स काढून घ्या, पाती तिथेच राहतील. अरे, कॅननची बॉडी असती तर तुझा अ‍ॅडाप्टर कशाला घेतला असता! नंतर त्याने मला ब्लॉक केलं.

अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार टाकली. उत्तर आलं, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे, लेन्स माउंटला बसते आणि फोटो निघतो. इन्फिनिटी फोकस म्हणजे काय हे समजावत बसलो तर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून. मग म्हणे सर्व्हिस सेंटरचं सर्टिफिकेट आणा. सर्व्हिस सेंटर म्हणतं लेन्स ठीक आहे, बॉडी ठीक आहे, दुसऱ्या ब्रँडच्या जोडणीबद्दल आम्ही लिहून देत नाही. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच अप्रूव्ह केलंय. पोलिसांकडे गेलो तर "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?" खोक्यात वीट आली असती तर यांनी तक्रार लिहून घेतली असती! लेखी खोटं बोलून पैसे घेतलेत, चॅट समोर धरलंय, आणि कोणी वाचायलाच तयार नाही. प्रत्येकजण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात अ‍ॅपची रिटर्नची मुदत संपते, माझी संपली.

चॅट अ‍ॅपमधेच ठेवा, बाहेरच्या नंबरवर जाऊ नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी लांबच्या वस्तूवर फोकस करून बघा, खोलीतल्या बल्बवर नाही. "ऑटोफोकस, अ‍ॅपर्चर कंट्रोल, इन्फिनिटी" हे तीन शब्द विकणाऱ्याकडून वेगवेगळे लिहून घ्या, "कॉम्पॅटिबल" या शब्दावर तक्रार टिकत नाही.

तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत आलीय, फोटो तेच, अ‍ॅडाप्टर आता ६,५०० ला. मी रिपोर्ट केलीय, अजून काढलेली नाही. दिसली तर तुम्हीही रिपोर्ट करा, आणि त्याच्याकडे चंद्राचा नाहीतर लांबच्या इमारतीचा फोटो मागा, तुमच्याच मॉडेलच्या बॉडीवर काढलेला.