बळीच्या राज्यातला बीटचा डोसा: तिरुवनंतपुरमचं इंडियन कॉफी हाऊस

तिरुवनंतपुरम स्टेशनाबाहेर तंपानूर बसस्टँडजवळ लाल विटांचा एक गोल मनोरा आहे. गाडीला तासभर असेल तर थेट तिथे जा.

आत जिना नाही. शिरल्याबरोबर फरशीच गोल गोल चढत वर जाते. भिंतीलगत बांधीव बाक, बांधीव टेबलं, विटांत सोडलेल्या भोकांतून वारा आणि उजेड. जागा चिंचोळी, म्हणून लॉरी बेकरने ही युक्ती केली. हा इंग्रज वास्तुविशारद मुंबईत बोटीची वाट पाहत अडकला असताना गांधीजींना भेटला. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या मालातून बांधावं, हे त्यांचं म्हणणं त्याच्या मनात कायमचं बसलं. मला आवडलं ते हे, की इथे मानाचं टेबल नाही. ब्रीफकेसवाला आणि बोचकंवाला एकाच चढावर बसतात.

मसाला डोशाच्या भाजीत बीट असतं, त्यामुळे ती लालभडक. कटलेटमध्येही बीटच, सोबत टोमॅटो सॉस. सांगलीच्या जिभेला तिखट कमी, पण दुसऱ्या घासाला बीट पटतं. कॉफी दुधाळ, गोड. साखळी कॅफेत एका कापुचिनोला मोजतो तेवढ्यात दोघांचा नाश्ता आरामात होतो.

वाढणाऱ्याच्या अंगावर पांढरा पोशाख आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा. वाटतो संस्थानी दरबारातला शिपाई, पण हॉटेल त्याच्याच कामगारांच्या सहकारी सोसायटीचं आहे. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा ती देशातच खपावी म्हणून १९३६ साली पहिलं कॉफी हाऊस निघालं, तेही आपल्या चर्चगेटला. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकानं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांना म्हणाले, तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळूर आणि दिल्ली, १९५८ मध्ये त्रिशूर, अशी कामगारांची कॉफी हाऊसं उभी राहिली.

माझी उभी नोकरी सहकारी बँकेत गेली. वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ ओरडण्यापुरता उरलेला सभासद मी ढिगाने पाहिलाय. त्यामुळे ताटं उचलणारा सभासद बघून मला डोशापेक्षा जास्त बरं वाटलं. फोटो काढायला येणारे ‘जुना काळ’ म्हणून हळहळतात. मला त्यात जुनं काही दिसेना. घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोरांना ‘पार्टनर’ म्हणायच्या या दिवसांत उलट हेच पुढचं वाटलं.

या जागेचं दुसरं नाव मावेली कॅफे. मावेली म्हणजे आपला बळीराजा. त्याच्या राज्यात सगळी माणसं सारखी होती, म्हणून ओणमला अख्खं केरळ त्याची वाट पाहतं. आपण पाडव्याला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो आणि जेवायला बसलो की विसरतो. जोतीराव फुल्यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. इथल्या कामगारांनी फुले वाचले असतील-नसतील, हिशोबाची वही तरी स्वतःकडे ठेवली.

गुडघे कुरकुरत असतील तर खालचंच टेबल धरा. टीपेबद्दल विचाराल तर माझाही गोंधळ उडाला होता, मालकाला टीप द्यायची कशी? शेवटी ठेवली.