बॅकअप सॉफ्टवेअर वापरून कित्येक महिने झाले: फाइली सुखरूप, प्रोसेसर बेजार

वैशिष्ट्यांची यादी सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून थेट तक्रारीवर येतो. काही आठवड्यांपासून लॅपटॉपचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. टास्क मॅनेजर उघडला की बॅकअपची प्रोसेस पंचवीस टक्क्यांवर. आकडा किरकोळ वाटतो, पण मशीनला चार लॉजिकल प्रोसेसर असतील तर पंचवीस टक्के म्हणजे एक अख्खा प्रोसेसर पूर्ण जुंपलेला. आणि त्याच वेळी सॉफ्टवेअरच्या खिडकीत हिरवी खूण: 'सर्व फाइली सुरक्षित आहेत'. सुरक्षित आहेत तर मग चाललंय काय? कोणती फाइल वाचतोय, कुठे अडकलाय, काही म्हणजे काही दाखवत नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. पुन्हा टाकलं की ते डिस्कवरची प्रत्येक फाइल पहिल्यापासून तपासतं, म्हणजे होता तो ताप दुप्पट. लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी, पाठवल्यावरही तेच उत्तर, फक्त खाली नाव वेगळं.

शेवटी कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलींना हात लावतोय ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत प्रोसेस मॉनिटर उतरवलं. फिल्टरमध्ये फक्त बॅकअपची प्रोसेस ठेवली, थोडा वेळ नोंदी होऊ दिल्या आणि टूल्समधला फाइल समरी उघडला. वाचलेल्या बाइट्सनुसार क्रम लावला तर सगळ्यात वर एकच फाइल: व्हर्च्युअल मशीनची (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची) डिस्क, साठ जीबीच्या वर. ते व्हर्च्युअल मशीन चालू असताना ही फाइल सतत थोडी थोडी बदलते. फाइल बदलली एवढं या सॉफ्टवेअरला कळतं, पण आत नेमकं कुठे बदललं ते शोधायला ते सगळी फाइल वाचतं, तिचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या ओळखीचा आकडा, काढतं. नवे तुकडे कॉम्प्रेस करून एन्क्रिप्ट करतं. एक फेरी संपते न संपते तोच फाइल पुन्हा बदललेली. आउटलुक मेल साठवतं त्या मोठ्या पीएसटी फाइलींचंही हेच होतं.

ती फाइल वगळली आणि पंखा शांत झाला. ब्राउझरची कॅश आणि प्रोग्रामिंगच्या प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्सचं (उतरवलेल्या तयार कोडचं) फोल्डरही वगळलं. हजारो बारीक फाइली, आणि हव्या तेव्हा पुन्हा तयार होणाऱ्या. व्हर्च्युअल मशीनची प्रत आता ते बंद करून बाहेरच्या डिस्कवर घेतो.

तरी थोडा भार उरलाच होता, आणि तो बॅकअपच्या नावावर दिसतच नव्हता. बॅकअपनं उघडलेली प्रत्येक फाइल विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडरही तपासत होता. डिफेंडरच्या अपवादांत बॅकअपची प्रोसेस टाकल्यावर तोही उतरला. हे करताना प्रोसेसचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरसकट पूर्ण पत्ता, द्या. नुसतं नाव दिलं तर त्याच नावाच्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला सूट मिळते. टास्क मॅनेजरमधून प्रायॉरिटी कमी करण्याच्या नादी लागू नका, प्रोसेस नव्याने सुरू झाली की ती पूर्वपदावर येते.

इथवर आल्यावर हे सॉफ्टवेअर काढून टाकायचं ठरलंच होतं. तेवढ्यात एसएसडी गेली, कसलीही पूर्वसूचना न देता. नवी बसवली, रिस्टोअर लावलं, आणि सगळं परत आलं. फोल्डरची रचना जशीच्या तशी, फाइलींच्या तारखा त्याच, एका हिशेबाच्या शीटच्या जुन्या आवृत्त्यासुद्धा. शंका म्हणून जुने फोटो एकेक उघडून पाहिले. एकही फाइल खराब नाही. रिस्टोअर इतकं चोख असलेलं सॉफ्टवेअर मी सोडणार नाही. सबस्क्रिप्शन वाढवतोय.

पण पाचपैकी तीनच तारे. चालू फाइलचं नाव दाखवणारी एक ओळ आणि प्रोसेसरची कमाल मर्यादा ठरवायची सोय, एवढंच मागितलंय. सपोर्टकडचं माझं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, अजून उघडं आहे. तुम्हालाही हाच त्रास असेल तर तुमचंही तिकीट टाका, आणि सोबत फाइल समरीचा स्क्रीनशॉट जोडा.