ऑक्सिमीटर, अकरा महिने: सारकॉइडोसिस असलेल्या माणसाचा अनुभव

रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मी गेल्या दसऱ्याच्या आसपास घेतला. परभणीत मेडिकलवर अकराशे रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली यंत्रं साधारण एकसारखीच असतात, आणि माझी तक्रार यंत्रापेक्षा माझ्यावरच जास्त आहे. डॉक्टरांनी घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. घाबरलो होतो म्हणून घेतला. घरात कोरोनाच्या वेळचा, २०२१ मधला एक होता. उघडला तर आत सेल गळून हिरवा गंज चढलेला.

मी सेलूला खत-बियाणांचं दुकान चालवतो. वय ४६. गेल्या वर्षी पेरणीच्या दिवसांत कोरडा खोकला सुरू झाला. दुकानात फवारणीच्या औषधांचा वास असतोच, त्यामुळं कुणी फार मनावर घेतलं नाही. वजन सहा किलो उतरलं तेव्हा एक्स-रे काढला. छातीच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या गाठी सुजलेल्या. आपल्याकडं असा एक्स-रे दिसला की पहिलं नाव टीबीचंच निघतं. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने नारिंगी लघवी झाली, खोकला जागच्या जागी. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दहापैकी नऊ जणांना तो टीबीच निघाला असता, असं मला वाटतं. पण ताट-तांब्या वेगळा झाला, पुतणीला माझ्याजवळ येऊ देईनात, ते काही विसरत नाही.

मग छत्रपती संभाजीनगरला सीटी स्कॅन, आणि घशातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला. रिपोर्टात लिहिलं होतं की ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशी गोळा होऊन झालेल्या बारीक गाठी आहेत, पण टीबीत त्याच्या मध्यभागी जो सडलेला, चीजसारखा भाग असतो तो नाही. जंतूही नाहीत. म्हणजे सारकॉइडोसिस. शरीराच्या स्वतःच्या पेशी उघड कारण नसताना गोळा होऊन गाठी करतात. फुफ्फुसात जास्त, पण डोळे, कातडी, यकृत, हृदय, कुठंही. कशानं होतं याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडंच नाही. एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे मात्र पक्कं. हे वाक्य मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि घरी भिंतीला लावलं.

गावात हे नाव कुणाच्या तोंडात बसत नाही. "सारको... म्हंजी साखर का हो शेठ?" असं निदान वीस गिऱ्हाइकांनी विचारलं असेल. मी नाही म्हणायचो. पुढं स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खरंच साखर वाढली, तेव्हापासून हो म्हणतो. वेळ वाचतो.

आता यंत्राकडं येतो. ज्याला रोज बोट द्यायचं ते करतं काय, हे समजून घ्यावं म्हणून वाचलं. चिमट्याच्या एका बाजूनं लाल आणि इन्फ्रारेड असा दोन तऱ्हेचा उजेड बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हा उजेड वेगवेगळा शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. आकडा खऱ्याच्या दोनेक अंकांनी इकडंतिकडं असू शकतो. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, हे डब्यावर कुठंच छापलेलं नाही. मराठवाड्यात विकताना छापायला हवं.

पहिले दोन महिने मी ते यंत्र दिवसातून वीस-वीस वेळा लावलं. उठलो की, दुकानाची शटर उघडली की, जेवलो की, रात्री कुस बदलली की. गल्ल्यात चिल्लरच्या खणात ठेवलेलं असायचं. ९७ दिसले की अर्धा तास बरा जायचा. ९५ दिसले की परत लावायचो, दुसऱ्या बोटाला, मग दुसऱ्या हाताला. पाच बोटांतून सगळ्यात चांगला आकडा निवडायचा, असा माझा हिशेब चालला होता.

डिसेंबरातली गोष्ट. पहाटे साडेपाचला अंगणात यंत्र लावलं तर ८८. परत लावलं, ८७. मला घाम फुटला. बायकोला उठवलं, मोटारसायकल काढायला पुतण्याला हाक मारली. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उचललाही. ते म्हणाले, "श्वास लागलाय का? ओठ निळे दिसतात का? नाही ना? मग हात चोळा आणि आत जाऊन बसा." तोवर बायकोनं हात हातात घेतला होता. "अहो, बर्फ झालेत बोटं. त्या यंत्राला काय कळतंय गारठ्यातलं?" चुलीजवळ दहा मिनिटं बसलो. ९७.

गार बोटात रक्त कमी पोचतं, म्हणून आकडा चुकतो. उन्हातही तेच: मार्चनंतर दुकानाच्या ओट्यावर लावलं की नुसत्या रेघा यायच्या, कारण बाहेरचा उजेड आत शिरतो. वरून रुमाल टाकला की चालतं. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात सगळ्या बायकांनी हौसेनं बोटं पुढं केली, आणि गडद मेंदीच्या बोटांवर यंत्र गोंधळलं. नेलपॉलिशचंही असंच. एका मावशींना ९१ आलं तेव्हा मंडपात अर्धा तास गडबड. कानाच्या पाळीला लावून बघा म्हणणारेही निघाले. बोटाचं यंत्र बोटालाच लावायचं असतं.

जानेवारीच्या तपासणीत मी डॉक्टरांपुढं वही ठेवली, साडेसातशे आकडे. त्यांनी तीन पानं चाळली आणि बंद केली. म्हणाले, "बसून मोजलेला आकडा तुमच्या आजारात फार काही सांगत नाही. पाच मिनिटं शांत बसा, हात गरम ठेवा, एकदा मोजा. मग सपाट जागेवर सहा मिनिटं चाला आणि लगेच मोजा. मला उतरण दाखवा. चार किंवा जास्त अंकांनी पडला तर कळवा. आठवड्यातून दोनदा, बस."

या एका सूचनेनं यंत्राचे पैसे वसूल झाले. लग्नानंतर नवरा-नवरीला घेऊन तुळजापूरला गेलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथं देवीकडं जाताना पायऱ्या उतरायच्या असतात आणि येताना चढायच्या. जाताना मी सगळ्यांच्या पुढं. येताना निम्म्यात थांबलो, यंत्र लावलं. सकाळी बसून ९६ होतं, इथं ९०. थांबून दोन मिनिटांत ९५ झालं. हे मी तारखेसकट लिहून डॉक्टरांना दाखवलं. त्यावरून त्यांनी फुंकायची तपासणी आधी बोलावली, आणि गोळी कमी करायची होती ती एक महिना तिथंच ठेवली. या कामासाठी यंत्राला पैकीच्या पैकी.

बाकी जे मला खरोखर छळत होतं, ते याला दिसत नाही.

माझा थकवा कसा असतो ते सांगता येत नाही, पण प्रयत्न करतो. पोतं उचलून येतो तो शीण वेगळा. जेवलं, झोपलं की जातो. हा झोपून उठल्यावर असतो. सकाळी सात वाजता पाय खाली टाकायचे आहेत एवढाच विचार करत वीस मिनिटं जातात. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं आहे, बियाणाचं नाव ओठावर आहे, ते येत नाही. अशा दिवशी यंत्र लावलं की ९७. काही दिवस तर ९८. जूनमध्ये, पेरणीच्या ऐन गर्दीत, मी मागच्या खोलीत खताच्या पोत्यांवर आडवा झालो होतो. मोठा भाऊ आला, माझ्या बोटाला यंत्र लावलं आणि म्हणाला, "सत्त्याण्णव तर हाय. मग पडलास कशाला?"

तो वाईट बोलला नाही. त्याला खरंच कळलं नाही. आणि माझ्याजवळ दाखवायला दुसरा आकडा नव्हता. हातपाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. सारकॉइडोसिसमध्ये एक्स-रे सुधारतो, रक्त सुधारतं, तरी हा थकवा मागं राहू शकतो, हे डॉक्टरांनी भावाला समोर बसवून सांगितलं तेव्हा त्यानं मान्य केलं. यंत्रानं मात्र त्या दिवशी माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती.

म्हणून वहीत आता आकड्याच्या बाजूला मी एक रकाना केलाय. त्यात 'शटर मी उघडली', 'पुतण्यानं उघडली', 'दुपारी घरी आलो' एवढंच लिहितो. तीन महिन्यांनी डॉक्टर तोच रकाना आधी वाचतात.

गोळ्यांचं थोडक्यात. प्रेडनिसोलोन, म्हणजे तीच स्टेरॉइडची गोळी, ३० मिलिग्रॅमवर सुरू झालं, आता साडेसातवर आहे. खोकला पंधरा दिवसांत गेला. त्याबदल्यात चेहरा गोल झाला, झोप गेली, आणि रात्री अकराला उठून पिठलं-भाकरी खाणारा माणूस घरात आला. बरं वाटतंय म्हणून ही गोळी मनानं बंद करायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं विसरलेलं असतं. अजून एक, हे कळकळीनं सांगतो: हाडं दुखतात म्हटलं की कुणीही ड जीवनसत्त्वाची पुडी सुचवतं. मला दोघांनी दिली. या आजारात त्या गाठीच ड जीवनसत्त्व कामाला लावतात आणि रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं, मुतखडा होऊ शकतो. विचारल्याशिवाय घेऊ नका. डोळ्यांत काही होत नसलं तरी डोळे तपासून घ्या आणि एकदा ईसीजी काढा. माझं दोन्ही ठीक निघालं.

तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून माझं चित्त लागत नाही. सेलूहून गाडीत बसलो की परतूर, जालना, पुढं संभाजीनगर, आणि प्रत्येक स्टेशनला यंत्राकडं हात जातो. पहिल्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं होतं, पूर्ण बरा होईन का. ते म्हणाले, बऱ्याच जणांचा दोन-तीन वर्षांत आपोआप बसतो, काहींचा रेंगाळतो, तुमचा कोणता ते आज सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. मृगात शेतकरी मला विचारतो, पेरू का आत्ता, पाऊस लागून राहील का? मी हेच उत्तर देतो, याच आवाजात. तो पिशवी घेऊन जातो. मीही फाइल उचलली.

तर घ्यावं का? चालल्यावर धाप लागत असेल आणि डॉक्टरांनी उतरण मोजायला सांगितली असेल तर नक्की घ्या. घाबरून घेत असाल तर थांबा. भीती मोजायला ते निकामी आहे, उलट वाढवतं. लहान मुलांच्या बोटाला ढिलं पडतं. अंधारात आकडे छान दिसतात. सेल चार महिने जातात, पण मी तो आकडा आठवड्यातून दोनदा वापराचा सांगतोय. पहिल्या दोन महिन्यांत तीन जोड्या संपवल्या. वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. सातव्या महिन्यात चिमट्याची स्प्रिंग सैल झाली, सध्या रबर बँड लावलाय, घट्ट लावला तर आकडाच येत नाही म्हणून बेताचा.

पाचपैकी साडेतीन. एक वर्षाची वॉरंटी आहे, महिनाभर उरलाय. पावती औषधांच्या पिशवीत कुठंतरी आहे, सापडली की स्प्रिंग बदलून घेईन.